एकोणीस वर्षांत कुणी आजारी पडलं नाही

१४ सप्टेंबर, मंगळवार

महापालिकेचं पत्र आलं. १ ऑक्टोबरपासून शहरातल्या प्रत्येक खाजगी मालकाने, मग त्याच्याकडे माणसं हजार असोत की दोन, कामाच्या दर तीस तासांमागे एक तास आजारपणाची भरपगारी रजा द्यायची. कारण विचारायचं नाही. तीन दिवसांच्या वर गेली तर डॉक्टरची चिठ्ठी मागता येईल, पण तीत दुखणं काय ते लिहिलेलं नसलं तरी चालेल. तासांची नोंद ठेवायची.

मला नोंद ठेवायला सांगतात. या दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक अकॉर्डियनचा सूर आला तेव्हा कसा होता आणि गेला तेव्हा कसा होता, हे माझ्या वह्यांत आहे, अठ्ठावीस वर्षांचं. मी हे काम कुणाकडे शिकलो नाही. मामाचं फुटकं वाद्य पंधराव्या वर्षी उघडलं, ते पुन्हा वाजेपर्यंत मिटलं नाही.

राग निवळावा म्हणून ही वेगळी वही आणली. दुकानाच्या वह्यांत रागाला रकाना नाही.

माझ्याकडे माणसं दोन. एर्ना कोबाल रीड जुळवते, एकोणीस वर्षं. ड्वेन टेस्के भाते आणि लाकूडकाम बघतो, अकरा वर्षं. मी कुणाला कधी रजा नाकारलेली नाही. मागितली असती तर दिली असती. अट एवढीच, की आदल्या दिवशी सांगायचं आणि कारण नीट सांगायचं. ‘बरं वाटत नाही’ हे कारण नव्हे, ते कारणाचं शीर्षक झालं.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

रजेची वही आखली. सहा रकाने. एर्ना बाजूला उभी राहून बघत होती.

“कारणाचा रकाना कशाला? विचारायचं नाही ना?”

“रिकामा ठेवीन,” मी म्हटलं. “पण आखलेला असावा.”

ड्वेन म्हणाला, “बॉस, तुमच्या थडग्यावर मी रकाने आखणार आहे. आले कधी, गेले कधी, कारण.”

एर्ना हसली. ती हसायला लागली की आधी तिचं नाक लाल होतं, मग आवाज फुटतो. हे इथे लिहायचं काही कारण नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

ड्वेनचा सकाळी सहाला फोन. ताप आहे म्हणाला. मागे वारा जोरात वाजत होता. घराच्या खिडक्या दुरुस्त करून घे म्हणून मी त्याला बजावलं. रजेच्या वहीतली पहिली नोंद: ड्वेन टेस्के, आठ तास.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

ड्वेन आला. ताप पूर्ण उतरलेला, तोंडावर लाली. येताना हरणाच्या मांसाचं सॉसेज घेऊन आला, चांगलं चार पौंड. आजारी माणसाला कुणीतरी आणून दिलेलं दिसतं. शिकारीचा हंगाम सुरू झाला की विस्कॉन्सिनमध्ये शेजारी असेच उदार होतात. एर्ना खाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत होती. नाक लाल होतं.

१३ जानेवारी, गुरुवार

एर्नाने काल संध्याकाळी सांगितलं, “उद्यापासून आठ गुरुवार मी दहाला येईन. दर वेळी दोन तासांची रजा. दवाखाना आहे.”

“कसला?” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने रजेच्या वहीकडे बघितलं. मी म्हटलं, “बरोबर. विचारायचं नाही.”

“जूनमध्ये एक ऑपरेशन करायचं म्हणतात,” ती म्हणाली. “त्याच्या आधी हे आठ गुरुवार व्हायला हवेत. ऑपरेशनला रजा लागेल, ती मी यातूनच साठवणार. तुम्हाला अडचण होऊ देणार नाही, अल्बिन.”

एकोणीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिली रजा. मागितली असंही नाही, सांगितली. दाताचं असणार. हल्ली आतसुद्धा ती लोकरीची हिरवी टोपी उजवीकडे खाली ओढून बसते. दाताला गारठा सोसत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे.

मला काय खटकलं ते नीट लिहितो. तिने मला कारण सांगितलं असतं तर मी रजा दिलीच असती. ‘दिली’ असं म्हणता आलं असतं.

२७ जानेवारी, गुरुवार

क्लीव्हलंडहून एक वादक आला, बर्फातून एवढी गाडी हाकत. म्हणाला, “ओब्लाक, जानेवारीची लहर असलेलं एखादं वाद्य आहे का?”

इथे खुलासा करून ठेवतो. आमच्या वाद्यांत एका बटणाला दोन रीड वाजतात. दोन्ही एका सुरात लावली तर आवाज सपाट होतो, म्हणून एक किंचित चढं ठेवतात. मग दोघांच्या रेट्याने आवाज थरथरतो, त्याला लहर म्हणायचं. मधल्या सुरावर सेकंदाला साडेतीन ठोके, हे माझं प्रमाण. पण बरेच हिवाळे काही वाद्यं साडेचार ठोक्यांची निघतात. ऐकताना वाटतं, गाणारा आत्ताच रडून आलाय आणि ते लपवतोय. पहिलं असं निघालं तेव्हा मी ते परत उघडणार होतो. तोवर गिऱ्हाईक घेऊन गेलं आणि महिन्याने त्याच्या गावचे तिघे आले. लोक रहस्य विचारतात. मी सांगतो, मेणाचं आणि थंडीचं आहे. रीड बसवायचं मेण मी लावतो.

एर्ना दहाला पाच कमी असताना आली. चेहरा पांढरा. त्या वादकाने तिला दारातच विचारलं, “बाई, यांचं गुपित तुम्हाला तरी सांगितलंय का?”

“मला?” ती म्हणाली. “मी नुसती रीड खरवडते.”

८ फेब्रुवारी, मंगळवार

व्यापारी संघाचे चिटणीस क्विस्ट आले. त्यांचं चौकात हार्डवेअरचं दुकान आहे. राज्याच्या विधिमंडळात विधेयक येतंय: कुठल्याही शहराने खाजगी मालकावर रजेचं बंधन घालायचं नाही. असला नियम करायचा झाला तर तो राज्य करील.

“आणि राज्य करणार आहे?” ड्वेनने मागून विचारलं.

“नाही,” क्विस्ट म्हणाले.

दोन मार्चला राजधानीत सुनावणी आहे. लहान दुकानदार म्हणून मी तीन मिनिटं बोलावं अशी त्यांची इच्छा. “तुमच्यासारखा माणूस हवा, ओब्लाक. ज्याची माणसं वीस-वीस वर्षं टिकतात. ज्याला कुणी सांगावं लागत नाही.”

हे शेवटचं वाक्य खरं आहे. मी होकार दिला.

एर्नाला आज तीनदा हाक मारावी लागली. रुसली असावी.

२ मार्च, बुधवार

सकाळी माझी गाडी सुरू होईना. एर्ना म्हणाली, “मी नेते.” दीड तासाचा रस्ता. मी भाषण घड्याळ लावून म्हणून दाखवलं: दोन मिनिटं चाळीस सेकंद. ती म्हणाली, “चांगलं आहे.” तिच्याशी मी समोर बघूनच बोलत होतो, बहुतेक अर्धं ऐकू गेलं नसेल, बाई गाडी फार लक्ष देऊन चालवते.

सभागृह भरलेलं होतं. माझ्या आधी एक स्वयंपाकीण बोलली आणि रडली. मी रडणार नव्हतो. मी आकडे आणले होते. मी म्हटलं, “मी अल्बिन ओब्लाक. माझ्या दुकानाला कुणाच्या नियमाची गरज नाही. शहराचा नियम येण्याआधीची माझी हजेरीची नोंद इथे आहे. एकोणीस वर्षांत माझं एकही माणूस एक दिवससुद्धा आजारी पडलेलं नाही.”

समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढला. “एकही दिवस नाही?”

“नाही.”

“काय खाऊ घालता त्यांना?”

मी सांगितलं की एर्ना राईचा पाव आणते आणि ड्वेन मिळेल ते खातो. सभागृह हसलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. क्विस्टांनी पाठ थोपटली.

परतताना शहर मागे पडलं. मग एर्ना म्हणाली, “कुणीच आजारी पडलं नाही?”

“नोंद आहे.”

“रजेची नोंद आहे, अल्बिन. आजारपणाची कुठे आहे?”

मी म्हटलं, तुम्ही रोज आलात.

“आले. तिसऱ्या हिवाळ्यात मला न्युमोनिया होता. तुम्ही विचारलंत, हा आवाज कसला, मी म्हटलं भात्याला भोक आहे. तुम्ही तो भाता दोन दिवस तपासलात.”

तो भाता मला आठवतो. भोक सापडलं नव्हतं.

“सांगायचं होतंत,” मी म्हटलं.

“तुम्हाला?” ती म्हणाली, आणि हसली. रागाने नव्हे. उलट मायेने, म्हणून जास्त लागलं.

३ मार्च, गुरुवार

आठवा गुरुवार. एर्नाला दोन जून तारीख मिळाली. ती एवढंच म्हणाली, की तोवर तास पुरायला हवेत.

६ मार्च, रविवार

दुकान उघडून एकटा बसलो. तिचं म्हणणं खरं असेल तर त्याचा पुरावा कुठेतरी असायला हवा, म्हणून जुळवणीच्या वह्या काढल्या. तिसरा हिवाळा. जानेवारीचे तीन आठवडे. एकूण सात वाद्यं, एकजात साडेचार ठोके. त्याच्या आधी साडेतीन, फेब्रुवारीपासून पुन्हा साडेतीन.

मग सगळे हिवाळे काढले. सर्दीने कान बंद असला की ठोके कमी ऐकू येतात. मग माणूस रीडचं टोक आणखी खरवडतो, सूर आणखी चढतो, लहर वाढते. हे मला ठाऊक आहे. मला सर्दी असली की मी सूर लावत नाही, गिऱ्हाइकांची पत्रं लिहितो. तिच्याकडे लिहायला पत्रं नव्हती.

एकूण एकेचाळीस वाद्यं. अठ्ठावीस वर्षांत माझं नाव ज्याच्यावर झालं ती लहर म्हणजे मेण नव्हे, थंडी नव्हे, मी तर नव्हेच. तो एर्नाचा ताप होता.

आणखी एक सापडलं, ते लिहायला हात धजत नाही. गेल्या ऑगस्टपासून साडेचार फक्त हिवाळ्यात राहिलेलं नाही. प्रत्येक वाद्याला आहे. सप्टेंबरात पाच, आता साडेपाच. मी ते रोज स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि रात्री झोपलोय. दात दुखतो म्हणून लहर वाढत नाही.

उजवा कान. टोपी त्यासाठी आहे. तीनदा हाक मारावी लागते ती त्यासाठी. आणि रीड जुळवणाऱ्या बाईने कान दुखतो म्हणून रजेचं कारण मालकाला सांगायचं, हे तिला कसं शक्य होतं? शहराने ‘विचारू नका’ म्हटलं तेव्हा कुठे ती दवाखान्याची पायरी चढली.

खरं लिहायचं तर मनात आणखीही येऊन गेलं. एक कान गेलेली जुळवणारी बाई या दुकानाला परवडेल का? हा विचार मी केला. साधारण दोन मिनिटं चाळीस सेकंद.

१९ एप्रिल, मंगळवार

एर्नाने रजेचा अर्ज दिला. २ जून ते ७ जून दुपारपर्यंत. मधे शनिवार-रविवार. एकूण अठ्ठावीस तास. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, तीत दुखणं लिहिलेलं नाही. मी हिशेब करून पाहिला: एक जूनला तिचे बरोबर अठ्ठावीस तास आणि अठ्ठेचाळीस मिनिटं शिल्लक असतील. इतक्या काटेकोर माणसाबरोबर मी काम करतो हे मला माहीत नव्हतं.

मला कळलंय हे तिला अजून सांगितलेलं नाही. महिनाभर रोज ठरवतो. आज सांगणारच होतो, तर म्हटलं, “मेण संपत आलंय.”

१० मे, मंगळवार

विधेयकावर सही झाली. पंचवीस तारखेपासून शहराचा नियम रद्द. दुपारी क्विस्ट केक घेऊन आले. वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत घालून आणलं होतं. त्यात माझं वाक्य ठळक अक्षरांत: ‘एकोणीस वर्षांत एकही दिवस नाही.’ भिंतीवर लावा म्हणाले.

ड्वेन म्हणाला, “बॉस, खिळा देऊ? की छातीवरच ठोकायचं?”

त्याच्या तोंडून मी कधी एवढी कडवट चेष्टा ऐकली नव्हती. केक कुणी खाल्ला नाही. क्विस्टांनीच दोन तुकडे खाल्ले.

११ मे, बुधवार

सकाळी एर्ना माझ्या टेबलाशी आली आणि ट्रेमधला आपला अर्ज उचलला.

“हा आता लागू नाही ना?”

मी म्हटलं, पंचवीसपर्यंत लागू आहे.

“ऑपरेशन दोनला आहे.” तिने अर्जाची घडी घातली. “पुढे ढकलते. शरद ऋतूत बघू. डॉक्टर ओरडतील.”

“ढकलल्यास काय होईल?”

“कारण विचारताय?” ती म्हणाली.

चौऱ्याहत्तर रीड समोर पडली होती, एकही उचलवेना.

१५ मे, रविवार

नियम लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात चौदा कलमं झाली. अकराव्यात ‘आजार’ची व्याख्या होती. फाडला.

दुसऱ्यात सहा. दुसरं कलम: ‘मालकाला योग्य वाटल्यास’. हे तीन शब्द पुन्हा वाचले. योग्य वाटणारा तो मालक कोण, ते मला आता ठाऊक आहे. तोही फाडला.

२४ मे, मंगळवार

आज नियम टंकून दारामागे लावला. चार ओळी आहेत.

‘या दुकानात दर पंचवीस तासांमागे एक तास भरपगारी रजा. आधीचे तास कायम. पुरले नाहीत तर पुढचे आगाऊ. कारण कुणी विचारणार नाही, मालकसुद्धा.’

ड्वेनने मोठ्याने वाचलं. “म्हणजे शहराचाच नियम की.”

“शहराचा तीस तासांचा होता.”

“आणि कारण नाही विचारणार? नोव्हेंबरातसुद्धा?”

“नोव्हेंबरात मी तुझ्या फोनमागचा वारासुद्धा ऐकणार नाही.”

तो लाल झाला. तेव्हा कुठे त्या सॉसेजबद्दल मला खात्री पटली.

क्विस्टांना दुपारपर्यंत कळलं. तणतणत आले. “ओब्लाक, तुम्ही राजधानीत जाऊन याच्याच विरुद्ध बोललात.”

“मी म्हणालो होतो, मला कुणी सांगायला नको.”

“मग?”

“मग सांगितलंय का कुणी?”

ते गेले. जाताना कात्रणाची चौकट मी त्यांच्या हातात दिली, काच फुटणार नाही अशी गुंडाळून.

एर्नाने कागद वाचला. टोपी काढली, पुन्हा वाचला, टोपी घातली. आपल्या जागी जाऊन बसली. तासाभराने मी पाहिलं तेव्हा घडीची निशाणी असलेला अर्ज माझ्या ट्रेमध्ये होता. ‘७ जून दुपारपर्यंत’ खोडून मी तिथे लिहिलं, ‘डॉक्टर म्हणतील तोपर्यंत’.

१ जून, बुधवार

दुपारी ड्वेन लाकूड आणायला गेला होता. एर्ना स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

“तुम्ही लिहिलंय, कारण कुणी विचारणार नाही.”

“हो.”

“मग सांगते.”

आणि तिने सांगितलं. कान किती वर्षं वाहतोय, आत हाडापर्यंत काय पोचलंय, ऑपरेशननंतर त्या बाजूने थोडं ऐकू येईल किंवा अजिबात नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. बोलता बोलता हातातली खरवडणी ती पुसत होती, स्वच्छ असलेली. शेवटी म्हणाली, “गेले नऊ-दहा महिने मी तुमची वाद्यं बिघडवतेय, अल्बिन. तुम्ही मोजता, लिहिता आणि काही बोलत नाही. मला वाटलं, हाकलायची तयारी करताय.”

“मी वाचत नव्हतो,” मी म्हटलं. “नुसतं लिहीत होतो. मार्चमध्ये वाचलं.”

“मार्चमध्ये? मग आज जून आहे.”

“मला जमलं नाही.”

तिचं नाक लाल झालं. मला वाटलं हसणार, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसलीही. मी रुमाल शोधला. खिशात मेण पुसायचं फडकंच निघालं. तिने ते घेतलं.

“आणि ऐकूच आलं नाही तर?” तिने विचारलं. “मी इथे काय करणार?”

मी खूप विचार करून उत्तर दिलं, कारण चुकीचं द्यायचं नव्हतं. म्हटलं, जानेवारीची लहर तुमची आहे, हे गिऱ्हाइकांना आता मी सांगणार आहे. ती कशी लावायची ते मला येत नाही, कुणाला तरी शिकवावं लागेल, आणि शिकायला माझे दोन कान रिकामे आहेत. मी आजवर कुणाकडे शिकलो नाही. बघू या जमतं का.

तिने फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, “मी कडक शिकवीन हं. सकाळी आठ म्हणजे आठ.”

उद्या सकाळी सहाला तिला इस्पितळात मी सोडणार आहे. गाडी आजच दोनदा सुरू करून पाहिली. दुकान ड्वेनकडे. रजेच्या वहीत नाव माझं लिहिलं: अल्बिन ओब्लाक, आठ तास. ड्वेनने खांद्यावरून डोकावून विचारलं, “कारण, बॉस?”

मी म्हटलं, “दारामागे काय लिहिलंय ते वाच.”